दिल्ली पासिंगची अर्टिगा आणि आखाजीची घाई

चोपडा तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही. पत्र थोडं आखडून देते.

"ताई, माझी सहा एकर बागायत आहे, केळी आणि थोडा कापूस. माल वाहायला पिकअप आहे, पण घरच्या माणसांना बसायला गाडी नाही. माझा मामेभाऊ फरिदाबादला कंपनीत आहे. त्याने दिल्लीत एक अर्टिगा बघून ठेवली आहे. २०१७ ची, डिझेल, मीटरवर ६८ हजार. मालक ४ लाख १० हजारांत देतो म्हणतो. तशीच गाडी जळगावात साडेपाच लाखांच्या खाली कोणी देत नाही. मी १० हजार टोकन पाठवून दिलं आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) दोन्ही बहिणी माहेरी येणार. आईचं एकच चाललंय, 'आखाजीले गाडी दारात पाहिजे.' म्हणून सणाच्या तीन दिवस आधी रेल्वेने निघायचं, दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी ताब्यात घ्यायची आणि तसंच रातोरात मी आणि मामेभाऊ आळीपाळीने चालवत घरी यायचं, असा बेत आहे. बायको म्हणते, ट्रेलरवर टाकून आणा. मला तो खर्च फुकटचा वाटतो. गाडी नावावर होण्याआधी चालवत आणली तर वाटेत पोलीस अडवतील का? इतकी जुनी गाडी अकराशे किलोमीटर एका दमात येईल का? आणि रस्ता कोणता धरू?"

भाऊ, तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते, पण सुरुवात तुम्ही न विचारलेल्या चौथ्या प्रश्नापासून करते. दिल्लीत पोचल्यावर गाडी पसंत पडली नाही, तर 'नको' म्हणायला तुम्ही मोकळे आहात का? तुमचाच बेत पुन्हा वाचून बघा. टोकन गेलेलं, तिकीट एका बाजूचं, मामेभावाने रजा टाकलेली, आईने गल्लीत सांगून ठेवलेलं आणि दोन दिवसांवर सण. अशा वेळी इंजिनखाली तेल ठिबकताना दिसलं तरी माणूस म्हणतो, चालतंय, घरी नेऊन बघू. विकणाराही कच्चा नसतो. गाडी बघायला आलेला माणूस बॅग घेऊनच आलाय, हे त्याला दिसतं, आणि मग ४ लाख १० हजारांतला एक रुपया कमी होत नाही.

म्हणून जाताना परतीचं रेल्वेचं तिकीट काढून जा. पंजाब मेल, कर्नाटक एक्सप्रेस या गाड्या भुसावळ-जळगावहून थेट दिल्लीला जातात आणि तशाच परत येतात. गाडी पसंत पडली तर तिकीट रद्द करून थोडे पैसे जातील, जाऊ द्या. आईंचं मन मोडू नका, पण तारीख मोडा. यंदाच्या आखाजीला बहिणींना आणायला भाड्याची गाडी करा. तिचं भाडं तुमच्या त्या एक लाख चाळीस हजारांच्या फरकात कुठे दिसणारही नाही.

आता त्या फरकाचंच बघू, कारण तो दिसतो तेवढा नाही. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१४ आणि २०१५ च्या आदेशांपासून दिल्लीत दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी अडचणीत आली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. पुढे त्यात वेळोवेळी सवलती आल्या, फेरबदल झाले, पण दिल्लीकराच्या मनात बसायचं ते बसलं. आठ-नऊ वर्षं झाली की तो डिझेल गाडी काढायच्या मागे लागतो. म्हणजे गाडी स्वस्त आहे म्हणून ती खराबच असेल असं नाही. उलट चांगल्या सांभाळलेल्या गाड्याही याच कारणाने बाजारात येतात. पण २०१७ चा महिना कोणता, ते आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर बघा. दहा वर्षं भरायला किती महिने उरलेत त्यावर विकणाऱ्याची घाई ठरते, आणि भाव करायला ती तुमच्या कामाची आहे.

फरकातून वजा काय होतं, तेही मांडा. गाडी कायमची महाराष्ट्रात आणली की इथला वाहन कर भरावा लागतो. मूळ किंमत आणि गाडीचं वय धरून तो काढतात, आणि डिझेलला पेट्रोलपेक्षा दर जास्त आहे. जळगावच्या आरटीओत जाऊन, आरसीची झेरॉक्स दाखवून हा आकडा आधी विचारून घ्या. अंदाजावर राहू नका, कारण सगळ्यात मोठी वजाबाकी हीच असते. त्यात नावावर करण्याची फी, नव्या नंबरची पाटी, विमा, रेल्वे, मुक्काम, टोल, साठ-सत्तर लिटर डिझेल आणि निघण्याआधीचं गॅरेजचं काम मिळवा. एवढं करून पन्नास हजारांच्या वर वाचत असतील तर दिल्लीला जाण्यात अर्थ आहे. त्याच्या खाली असेल तर मी आपल्या जळगावच्या नंबरची, एमएच १९ चीच घ्या म्हणेन. ती गाडी कोणाच्या घरची, कुठल्या मिस्त्रीकडे जायची, हे तुम्हाला चोपड्यात बसून कळतं, आणि काही निघालंच तर विकणारा तासाभराच्या अंतरावर असतो.

आता कागद. तुमच्या पोलिसांच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं, की दुसऱ्याच्या नावावरची गाडी चालवणं हा गुन्हा नाही. मालकाच्या संमतीशिवाय चालवणं हा गुन्हा आहे. तेव्हा संमतीचा पुरावा जवळ हवा. मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी आणि तुमचं लायसन्स हे तर आलंच. त्याखेरीज गाडी नावावर करायला लागणारे, मालकाच्या सहीचे फॉर्म २९ आणि ३०, त्याच्या ओळखपत्राची सही केलेली प्रत आणि ताबा पावती. ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळ आणि मीटरचा आकडाही लिहून घ्या. त्या वेळेच्या आधीचं चलन त्याचं, नंतरचं तुमचं. डिजिलॉकरवर भिस्त ठेवू नका, गाडी त्याच्या खात्यात दिसते, तुमच्या नाही. वाटेत हरियाणा, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य प्रदेश लागेल, पण खासगी गाडी नुसती पार होताना तिथे कर नसतो. कोणी मागितलाच तर पावती मागा.

सगळ्यात महत्त्वाचा कागद मात्र एनओसी. दिल्लीच्या परिवहन कार्यालयाने जळगाव आरटीओच्या नावाने दिलेलं ना-हरकत प्रमाणपत्र नसेल तर जळगावला तुमची फाइल कोणी हातात घेणार नाही. त्यासाठी मालकाने फॉर्म २८ भरायचा असतो आणि गाडीवर चलन थकलेलं असेल तर गाडं तिथेच अडतं. दिल्लीत कॅमेऱ्याची चलनं पडलेली असतात आणि कित्येकदा मालकालाही त्यांचा पत्ता नसतो. परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून चलनं, विमा, बँकेचा बोजा आज रात्रीच बघून घ्या. आधी कर्ज काढलेलं असेल तर ते फिटल्यावरही आरसीवर बँकेचं नाव राहून गेलेलं असतं. मग बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. गाडी चोरीची नाही याचा दाखला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या संकेतस्थळावरून निघतो, तोही घ्या.

'पैसे द्या, एनओसी मागाहून कुरिअरने पाठवतो' हे वाक्य ऐकू आलं की थांबा. एनओसी तयार झाल्याशिवाय रेल्वेचं तिकीटच काढू नका. त्या भरवशावर मालकाने थोडं जास्त टोकन मागितलं तर ते रास्त आहे, द्या. फक्त ते आरसीवरच्या नावाच्याच बँक खात्यात जाऊ द्या, मधल्या माणसाच्या फोनवर नाही. आणि गाडी सांगितल्यासारखी नसली तर टोकन परत मिळेल, एवढं लिहून घ्या. तुम्ही पाठवलेले १० हजार कोणाच्या खात्यात गेले, हे पत्रात नाही. आधी ते बघा.

विम्याबद्दल लोकांचा हमखास गैरसमज असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे गाडी विकली की थर्ड पार्टी विमा तिच्याबरोबर नव्या मालकाकडे जातो. म्हणजे तुमच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर विमा आहे. पण वाटेत तुमचीच गाडी चेपली तर जुन्या मालकाच्या नावावरच्या पॉलिसीतून तुम्हाला भरपाई मिळणं कठीण. पॉलिसी नावावर करण्यासाठी कायद्याने चौदा दिवसांची मुदत दिली आहे. तुम्ही चौदा दिवस थांबू नका, ताबा घ्याल त्याच दिवशी फॉर्म २९-३० आणि विक्रीपावती जोडून विमा कंपनीकडे अर्ज करा. शक्य असेल तर तो मंजूर झाल्यावरच गाडी हलवा. नो क्लेम बोनस मात्र जुन्या मालकाचा असतो, गाडीचा नाही. कंपनी त्याच्या फरकाची रक्कम मागेल, ती भरावी लागते.

टोलसाठी या एका प्रवासापुरता त्याचाच फास्टॅग चालू ठेवायला सांगा आणि त्याच्यासमोर त्यात पैसे भरा. घरी पोचलात की त्याला बंद करायला लावा आणि तुमचा नवा घ्या.

आता गाडी बघण्याकडे वळते. मामेभावाने बघितली आहे हे ठीक, पण त्याने रंग, सीट आणि टेप बघितला असणार. तुमच्या पिकअपचं काम करणारा मिस्त्री बरोबर न्या. त्याचं तिकीट आणि पाच-सहा दिवसांची मजुरी हा या सगळ्या व्यवहारातला सगळ्यात चांगला खर्च आहे. शिवाय त्याला गाडी चालवता येते. मामेभाऊ चोपड्यापर्यंत आला तर त्याला पुन्हा फरिदाबादला धाडावं लागेल, ते वेगळंच.

सकाळी लवकर जा, आणि मालकाला आधीच सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर थंड इंजिन कसं सुरू होतं ते लपवलेलं असू शकतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा या. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर कूलंट आत जातंय का ते तपासायचं. या अर्टिगात फियाटकडून आलेलं १.३ लिटरचं डिझेल इंजिन आहे. त्याला टायमिंग चेन असते, बेल्ट नसतो, म्हणून 'बेल्ट कधी बदलला' हा प्रश्न तुम्हाला नाही. डिझेल डस्टरसारखी गाडी घेतली असती तर तो पहिला प्रश्न असता, कारण तिथे बेल्ट तुटला की इंजिनच उघडावं लागतं. मारुतीने २०२० च्या एप्रिलपासून डिझेल बंद केलं असलं तरी हे इंजिन इतक्या गाड्यांत बसलंय की सुट्या भागांची आणि हात बसलेल्या मिस्त्रींची आपल्याकडे वाण नाही.

तुमच्या गाडीत क्लचकडे जास्त लक्ष द्या. दिल्लीतले ६८ हजार किलोमीटर म्हणजे चोपडा-जळगाव रस्त्यावरचे ६८ हजार नव्हेत. ते पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, सिग्नलला अर्धा क्लच दाबून झालेले असतात. मोकळ्या जागी हँडब्रेक पूर्ण ओढून चौथा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं तर प्लेट ठीक आहे. गाडी जागेवर आणि इंजिन मात्र फिरतच राहिलं तर प्लेट गेली. मग तेवढे पैसे भावातून कमी करून घ्या, आणि काम दिल्लीतच करून निघा.

मीटरवर भरवसा ठेवू नका. मालकाला बरोबर घेऊन मारुतीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये जा. नंबरावरून आधीच्या सर्व्हिसच्या नोंदी निघतात. चार वर्षांपूर्वीच्या नोंदीत ९० हजार आणि आज ६८ हजार असं निघालं तर परतीचं तिकीट आहेच खिशात.

पुराचंही बघा. २०२३ च्या जुलैत दिल्लीत यमुना २०८.६६ मीटरवर गेली होती. पाणी रिंग रोडवर, सिव्हिल लाइन्सपर्यंत आलं होतं, आणि तेव्हा बुडालेल्या गाड्या धुवून-पुसून कुठे ना कुठे विकल्या गेल्याच असणार. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. गाडी धुणारा तिथपर्यंत पट्टा ओढत नाही, त्यामुळे मुळाशी गाळाची रेघ तशीच राहते. पायाखालचं मॅटिंग उचला, आणि सीटच्या खालच्या रुळांवर गंज आहे का तेही बघा.

टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात. २४१९ म्हणजे २०१९ चा चोविसावा आठवडा. टायर पाच-सहा वर्षांच्या वरचे असतील तर नक्षी कितीही शिल्लक असो, वैशाखात त्यांच्यावर अकराशे किलोमीटर येऊ नका. शहरात ताशी तीस-चाळीसने चालणाऱ्या गाडीचे टायर म्हातारे झालेले कळत नाहीत. तापलेल्या रस्त्यावर शंभरच्या वेगाने दोन तास चालली की कळतं. हवा सकाळी टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा. दुपारी टायर तापल्यावर दाब वाढलेला दिसेल, तो वाढणारच. तेव्हा हवा काढू नका, नाहीतर कमी हवेचा टायर आणखी तापतो.

गाडी पसंत पडली, पैसे दिले, तरी त्याच दुपारी निघायचं नाही. एक पूर्ण दिवस वर्कशॉपला द्या. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर आणि कूलंट बदला. चारही चाकं काढून ब्रेक बघा, आणि ब्रेक ऑइल बदलायला लावाच. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. जुनं ऑइल सतत ब्रेक दाबून तापलं की त्यातलं पाणी उकळतं, नळीत वाफ धरते आणि पेडल खाली बसतं. हे नेमकं कुठे होतं, ते पुढे येईलच. कोणी इंजिन फ्लश, कोटिंग, पॉलिश गळ्यात घालायला लागला तर हात जोडा. स्टेपनीत हवा आहे का, जॅक आणि पाना जागेवर आहेत का, हेही वर्कशॉपमध्येच बघा. जुन्या गाडीतून या दोन वस्तू कधी नाहीशा होतात, कोणालाच सांगता येत नाही.

आता एका दमात येण्याचं. बाजारातून नवी बैलजोडी आणली की तुम्ही तिला त्याच दिवशी नांगराला जुंपत नाही, आधी चालवून बघता. या गाडीलाही तोच न्याय लावा. मधे दोन मुक्काम करा, पहिला ग्वाल्हेर किंवा शिवपुरीला, दुसरा इंदूरला.

पहिल्या दिवशी यमुना एक्सप्रेसवे टाळा. १६५ किलोमीटरचा तो रस्ता आग्र्याला झटकन पोचवतो, पण काँक्रीटचा आहे, वेग आपोआप वाढतो आणि मधे गाडीला काही झालं तर गॅरेज शोधायला वाव नाही. अनोळखी गाडीचे पहिले दोनशे किलोमीटर जुन्या रस्त्याने काढा. फरिदाबाद, पलवल, कोसी, मथुरा, आग्रा. गर्दी आहे, कंटाळा येईल, पण दर थोड्या अंतरावर मिस्त्री आहे. मामेभावाच्या दारातून सकाळी उजाडताना निघा. पन्नास किलोमीटरवर गाडी थांबवा, खाली वाकून काही ठिबकतंय का बघा, मग चारही चाकांजवळ हात न्या. एकच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग चाललंय. गॅरेजात काढून बसवलेल्या चाकांचे नट पुन्हा घट्ट आवळून घ्या. एसी पूर्ण चालू ठेवून गर्दीत तापमानाचा काटा कुठे जातो यावर डोळा ठेवा. मथुरेपर्यंत काटा हलला नाही तर बरंचसं काम झालं. आणि काही बिघडलंच तर मामेभाऊ अजून तासा-दोन तासांच्या अंतरावर आहे.

आग्र्यापुढे धोलपूर, चंबळचा पूल, मोरेना, ग्वाल्हेर. दुसऱ्या दिवशी शिवपुरी, गुना, ब्यावरा, शाजापूर, देवास, इंदूर. जुना आग्रा रोडच हा. ब्यावऱ्यापासून धुळ्यापर्यंतच्या भागाला आता राष्ट्रीय महामार्ग ५२ म्हणतात. रस्ता चांगला आहे, फार सांगण्यासारखं काही नाही. रोज सकाळी गाडी थंड असताना ऑइलची काडी आणि कूलंटची टाकी बघायची आणि दुपारचं जेवण हलकं ठेवायचं. दोन तासांनी चालवणारा बदलायचा, झोप आलेली नसली तरी.

खरा कस तिसऱ्या दिवशी. तुम्ही रातोरात येण्याचा बेत केला, तेव्हा हे बहुधा डोळ्यांपुढे नव्हतं. इंदूरहून आपल्याकडे येताना गाडी दोनदा पठारावरून खाली उतरते. आधी मानपूरच्या पुढे विंध्य उतरून नर्मदेच्या खोऱ्यात, खलघाटचा पूल ओलांडून पुन्हा चढून सेंधव्याला, आणि तिथून बिजासन घाट उतरून पळासनेरला. धार जिल्ह्यातल्या गणपती घाटात ब्रेक निकामी होऊन इतके अपघात झाले की तिथे नवा वळणरस्ता काढावा लागला. पळासनेरचं तर तुम्हाला सांगायला नको. २०२३ च्या जुलैत घाट उतरून आलेल्या कंटेनरचे ब्रेक गेले आणि तो थेट रस्त्याकडेच्या हॉटेलात शिरला, कितीतरी जीव गेले. म्हणजे प्रवासातले सगळ्यात अवघड उतार अगदी शेवटी आहेत. तुमच्या बेताप्रमाणे तुम्ही तिथे चौदा-पंधरा तास जागून, ब्रेकची परीक्षा न झालेल्या गाडीत, पुढेमागे भरलेले ट्रक घेऊन पोचला असता. घर जवळ आलं की पाय आपोआप जड पडतो, तो भाग वेगळा.

इंदूरला मुक्काम सांगितला तो यासाठी. सकाळी पोहे खा आणि सातच्या आत निघा. दोन्ही घाट दिवसाउजेडी, ताज्या डोळ्यांनी उतरायचे. ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, दुसरा-तिसरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकायची आपल्या पिकअपवाल्यांना सवय असते, ती इथे चालणार नाही. ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, दाबा आणि सोडा. जळका वास आला किंवा पेडल मऊ लागलं तर गिअर आणखी खाली घ्या आणि सुरक्षित जागा बघून गाडी निवू द्या. पुढच्या ट्रकपासून लांब राहा आणि मागचा अंगावर येत असेल तर त्याला जाऊ द्या. घाटाच्या पायथ्याशी रस्त्याकडेला चहाला थांबू नका, शिरपूरला या. तिथून सावळद्याच्या तापीच्या पुलाकडे जायचं नाही, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याने सरळ चोपडा. हा शेवटचा टप्पा ओळखीचा म्हणून हलका घेऊ नका. केळीचे ट्रक आणि मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या तुम्हाला माहीत आहेतच. सकाळी निघालात तर दुपारी जेवायला घरी असाल आणि त्या ट्रॉल्या अंधारात भेटणार नाहीत.

वहिनींच्या ट्रेलरबद्दल. त्यांचं म्हणणं फुकटचं नाही. मिस्त्री यायला तयार नसेल आणि मामेभावाला रजा मिळत नसेल, तर एकट्याने अकराशे किलोमीटर चालवण्यापेक्षा ट्रेलर शंभर पटीने बरा. विमा नावावर होत नसेल तरीही ट्रेलरच, फक्त वाहतुकीतल्या नुकसानीचा विमा आहे का ते वाहतूकदाराकडून लेखी घ्या आणि चढवण्याआधी गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा. पण दोघं चालवणारे असतील, गाडी नीट तपासलेली असेल आणि दिवस हाताशी असतील तर चालवत आणा. तीन दिवसांत त्या गाडीची जी ओळख होईल ती ट्रेलरने होत नाही. गाडीत दोष निघालाच, तर तो दिल्लीपासून फार लांब जाण्याआधी निघालेला बरा. हे वहिनींना तुम्हीच समजावून सांगा, माझं नाव पुढे करू नका.

घरी पोचलात की पूजा-नारळ होऊ द्या आणि त्याच आठवड्यात जळगाव आरटीओ गाठा. गाडी घेतल्यापासून तीस दिवसांत नोंद करायची असते, उशीर झाला की दंड. एनओसी, फॉर्म २९-३०, नव्या नंबरासाठी फॉर्म २७, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा आणि चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट लागेल. गाडी समक्ष दाखवावी लागते. दिल्लीची पाटी वर्षभर चालते असं कोणी सांगेल. कायद्यात बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती नव्या नंबरापुरती. मालकीची नोंद त्यासाठी थांबत नाही. दिल्लीत भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण तो मालकाच्या नावावर भरलेला असतो. परतावा कोणी घ्यायचा, हे सौद्याच्या वेळीच बोलून ठेवा.

नवं आरसी हातात आलं की त्याचा फोटो त्या दिल्लीच्या मालकाला पाठवा. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, की गाडी कितीही हातांतून गेली तरी नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला तो बांधील. म्हणजे तुमची नोंद होईपर्यंत त्या माणसाच्याही जिवाला घोर असतो. तो चांगला माणूस असेल तर तुमच्या फोनची वाट बघत असेल.